बर्डीचं निंदण

मी बडबडी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे बिघडलं ते माझ्या जिभेने बिघडवलं, आणि निस्तरलंही तिनेच. निस्तरायला जिने शिकवलं ती बाई आता नाही. तिचे आभार मी तिच्या तोंडावर कधी मानले नाहीत. आमच्याकडे आभार मानायची रीतच नव्हती, चहा पाजायची होती. चहा मात्र मी तिला पुष्कळ पाजला.

माझं माहेर नांदुऱ्याचं. वडील जिनिंगमध्ये कामाला. सातवी पास झाले आणि लग्न होऊन जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याच्या गावात आले. महाराष्ट्र नुकताच झाला होता. नांदुऱ्यात नळ होता, बाजार होता, सिनेमाचा तंबू यायचा. इथे समोर डोंगर आणि मागे वावरं. पहिलं वर्षभर मी मनातल्या मनात वडिलांवर रागावलेलीच होते.

लग्नाला चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा ग्रामपंचायतीत बाई सदस्य घ्यायची वेळ आली. गावात सही करणाऱ्या बायका दोनच. एक मास्तरांची बायको, पण मास्तरांची बदली कधी होईल त्याचा नेम नव्हता. उरले मी. सरपंच होते माझे चुलत सासरे. त्यांना मी मामाजी म्हणायची. ते म्हणाले, "सुनबाई, तू बस. बोलाचं काई काम नाई, फक्त सई कराची." सही मी करत राहिले. न बोलायचं काम मात्र मला जमलं नाही.

गावाच्या उत्तरेला एक बर्डी आहे. बर्डी म्हणजे मुरमाड उंचवटा. पीक येत नाही म्हणून कोणाच्या मालकीचा नाही, आणि म्हणूनच सगळ्यांचा. सासूबाई सांगायच्या, त्या नवरी होऊन आल्या तेव्हा तिथे साग, धावडा, पळस, टेंभुर्णी इतकी दाट होती की गाय चुकली तर दोन दोन दिवस सापडायची नाही. मग घरं बांधायला, कोळसा पाडायला, गाड्यांच्या धुऱ्या-चाकांना असं करत करत बर्डी साफ झाली. कोणा एकाने तोडली असं नाही. आमच्याच घराचे खांब बर्डीचे आहेत. मी आले तेव्हा वर नुसते खुंट होते आणि खुंटांभोवती गुडघ्याएवढी झुडपं, तीही शेळ्यांनी कुरतडलेली. खालचा नाला दिवाळीच्या आत आटायचा. मग उन्हाळाभर आम्ही बायका डोक्यावर दोन दोन घागरी घेऊन दूरच्या विहिरीवरून पाणी वाहायचो. माणसांसाठी एक खेप, गुरांसाठी तीन.

एका पावसाळ्यात तालुक्याहून साहेब आले. वनमहोत्सवाची रोपं घेऊन. गुलमोहर, निलगिरी, करंज. साहेबांनी भाषण केलं, मारुतीच्या पारापाशी एक रोप लावलं, आणि बाकीची बर्डीवर लावायची जबाबदारी पंचायतीवर टाकली. पंचायतीने ती माझ्यावर टाकली. मला तर हुरूपच आला. शाळेत झाडांवर निबंध लिहून मी बक्षीस मिळवलं होतं. आता निबंधातलं सगळं प्रत्यक्षात आणायचं होतं.

खड्डे कुठे घ्यायचे हा प्रश्न आला. मुरमात सब्बल नुसती वाजायची. खुंटाजवळची माती मात्र जरा मऊ लागायची. शिवाय आम्ही वावरवाली माणसं. वावरात पळसाचा खुंट म्हणजे वैरी. वखर अडकतो, बैल ठेचकाळतो, आणि वरवर तोडला तर पुढच्या साली दुप्पट होऊन येतो. म्हणून आमच्याकडे पोराला नांगर धरायला शिकवण्याआधी खुंट मुळासकट खणायला शिकवतात. आम्ही बर्डीवर तेच केलं. एकेक खुंट खणून काढला आणि त्याच खड्ड्यात गुलमोहर लावला. निघालेले खुंट घरोघर वाटून घेतले. जळण इतकं चांगलं निघालं की मी शेजारणीला बोलावून दाखवलं.

दसऱ्यापर्यंत रोपं तग धरून होती. संक्रांतीला अर्धी उरली. होळीपर्यंत सगळी गेली. काही वाळली, काही शेळ्यांनी खाल्ली. पुढच्या साली पुन्हा रोपं आली, पुन्हा आम्ही खुंट खणले, पुन्हा लावली. त्या वर्षी तर मी स्वतः घागरी वर वाहून नेल्या. आमचे हे म्हणायचे, "घरच्या म्हशीले कदी येवढं पानी पाजलं नाई तू." मी ऐकून घेतलं. रोपांनी काही ऐकलं नाही. आणि गुढीपाडव्यानंतर साहेब झाडं पाहायला येणार असा निरोप आला. माझी झोप उडाली. गावात वर तोंड करून बोलणारी मी, आता दाखवायला काय होतं माझ्याकडे? वाळक्या काड्या.

आता तिच्याबद्दल सांगते. बर्डीच्या पलीकडच्या अंगाला कोरकू आदिवासींच्या तीन झोपड्या होत्या. त्यांचं गाव वर डोंगरात. कापूस वेचायला खाली आले, ते तीन सालांमागे परत गेलेच नाहीत. एका झोपडीत ही बाई आणि तिचा नवरा, दुसरीत तिचा दीर, बायको आणि लेकरं, तिसरीत म्हातारे सासूसासरे. वेचणीला ती आमच्याही वावरात यायची. हात असा चालायचा की आमच्या दोघींचा कापूस एक तर तिच्या एकटीचा एक. बोलणं मात्र मोजकंच. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. गावात तिला सगळे 'कोरकीण' म्हणायचे. मीही तेच म्हणायची.

होळी होऊन चार दिवस झाले असतील. मी बर्डीवर वाळकी रोपं बघत फिरत होते. डोकं आधीच तापलेलं. पलीकडच्या उतारावर ती दिसली. वाकून विळ्याने खुंटांना फुटलेले हिरवे फोक, म्हणजे कोवळे फुटवे, कापत होती. शेजारी कापलेल्या फोकांची मोळी. मी तिथूनच ओरडत गेले.

"काय करून राह्यली वो?"

"निंदून राह्यली," ती म्हणाली. मानसुद्धा वर केली नाही.

निंदणं म्हणजे पिकातलं तण काढणं. वावर निंदतात, मिरचीचा वाफा निंदतात. जंगल कोण निंदतं? मला वाटलं, ही माझी टिंगल करते आहे. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मी झाडं जगवाले मरून राह्यली अन् तू हिरवी झाडं कापून राह्यली! वरून मले निंदन शिकवते काय?" असं म्हणून मी तिची मोळी पायाने उधळून दिली.

तिने फोक पुन्हा गोळा केले, मोळी बांधली. निघताना शेजारच्या टोपलीतलं ओलं शेण घेऊन कापलेल्या जागेवर हात फिरवला आणि चालू लागली. ते शेण पाहून मला आणखीच वेगळं वाटलं. काहीतरी जादूटोण्यासारखं. शाळेत बक्षीस मिळवलेली मी, आणि अक्कल एवढी.

दुसऱ्या दिवशी चावडीवर बैठक होती. मी दाराच्या आत, डोक्यावरून पदर घेऊन, पण खणखणीत आवाजात सांगितलं की बर्डीवर कोरकीण हिरवी झाडं कापते आणि वर शेण फासते. आमची रोपं तिने कापली असं मी म्हटलं नाही. पण सगळ्यांनी तसंच समजलं, आणि मी समजू दिलं. हे मला आजही खुपतं. साहेबांना उत्तर द्यायला पंचायतीलाही कोणीतरी हवंच होतं. लगेच बोलणी सुरू झाली. बाहेरून आलेली माणसं, गावाच्या बर्डीवर बसली, गावाचीच झाडं तोडतात. मामाजी म्हणाले, "आठ दिवसांनं बैठक घेऊ. सुनबाईची साक्ष लिहून घेऊ, ठराव करू, अन् झोपड्या उठवू." ग्रामसेवकाने त्याच संध्याकाळी जाऊन झोपडीवाल्यांना तसं सांगूनही टाकलं.

घरी आमचे हे खूश. "आज बोलली बाप्पा तू," म्हणाले. मीही खूश. चार दिवस मी खूशच होते.

पाचव्या दिवशी मनात आलं, साक्ष द्यायची तर पक्की द्यावी. किती खुंट कापले ते पाहून यावं, म्हणजे चावडीवर कोणी 'बाईचं बोलणं' म्हणून उडवून लावायला नको. सकाळची भाकर आटोपून एकटीच वर गेले.

पहिला कापलेला खुंट सागाचा होता. शेण वाळून पापुद्रा धरलेलं. मी बोटाने खरवडलं. खाली पाच-सहा फोक अगदी जमिनीलगत, तिरके, एका घावात कापलेले. आणि त्यांच्या मधोमध एक राखलेला. सरळ, माझ्या खांद्याएवढा, वरून नुकती पानं फुटलेली. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. मला वाटलं, हा एक राहून गेला असेल. पुढचा खुंट पाहिला. तिथेही एक राखलेला. त्याच्या पुढचा पळसाचा, तिथेही एकच. त्या अख्ख्या उतारावर फिरले. जिथे विळा लागला होता तिथे दर खुंटाला एकेकच पोरसवदा झाड उभं होतं, काही तर माझ्या डोक्याच्याही वर गेलेली. जिथे विळा लागला नव्हता तिथे तीच जुनी गुडघाभर झुडपं. आणि बर्डीच्या अलीकडे, आमच्या बाजूला, नुसते खड्डे. त्यांच्यातली मातीही पावसाने वाहून गेलेली.

मी तिथेच खाली बसले. दोन वर्षं आम्ही झाडं लावली नव्हती, जिवंत झाडं उपटून चुलीत घातली होती. आणि जी बाई त्यांना वर आणत होती तिला मी उठवायला निघाले होते.

तेवढ्यात खालून कापल्याचा आवाज आला. ती होती. पलीकडच्या कोपऱ्यात वाकून तेच काम करत होती. मला पाहून क्षणभर थांबली, मोळी आपल्या पाठीमागे सरकवली, आणि पुन्हा कापू लागली.

मला सुचलं ते असं, "तुमाले तर उठवून राह्यले ना? ग्रामसेवकानं सांगतलं नाई काय?"

"सांगतलं."

"मंग आता कायले करून राह्यली हे?"

ती सरळ उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच काहीतरी अडाण्यासारखं विचारलं.

"अर्दं वावर निंदून कोनी घरी जाते काय बाई?"

मला रडूच फुटलं. मी सहसा रडत नाही, भांडते. त्या दिवशी मात्र रडले. ती घाबरली बिचारी. इकडेतिकडे पाहिलं, मग मला हाताला धरून एका खुंटापाशी बसवलं आणि विळा माझ्या हातात दिला. रडणाऱ्या बाईला काहीतरी काम द्यावं, एवढंच तिला सुचलं असावं.

खुंटाला सात फोक होते. "एक ठेव," ती म्हणाली. मी सगळ्यात जाड होता तो ठेवायचा म्हणून बाकीच्यांना विळा लावला, तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली. सासूबाईंनीही मला कधी मारलं नव्हतं.

"तो वरतून निंगाला. कापलेल्या डोक्यातून. जाड हाय, पन त्याचं बुड खुटीत हाय, मातीत नाई. खुटी सडली का वाऱ्यानं फाटते. हा पाह्य." तिने मातीतूनच वर आलेला, करंगळीएवढा एक फोक दाखवला. "हा मातीतून आला. हा सोताचं मूळ धरते. हा ठेव."

मी बारका ठेवला, जाड कापला. तिरका काप, पाणी बसलं नाही पाहिजे. वर शेण-माती लिंप, म्हणजे कीड लागत नाही आणि घाव वाळत नाही. शेळीसाठी काटे लाव. एकेक गोष्ट सांगत ती माझ्याकडून तीन खुंट करून घेत गेली. तिसऱ्या खुंटाला तिने चापट मारली नाही.

आमची गुलमोहराची रोपं का जगली नाहीत हेही मी विचारलं. ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"पाहुनं झाड रोज पानी मांगते. घरचं झाड मांगत नाई. खाली त्याचं मूळ जुनं हाय, जिवंत हाय. फक्त गर्दी झाली का कोनीच वर जात नाई."

आणि हे सगळं ती का करत होती? मला वाटलं, झाडांवर, देवावर काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "सरपन लागते ना रोज. कापलेले फोक मले, राह्यलेला बर्डीले. वरच्या गावात आमची माय असंच करे." एवढंच. मोळीवर तिचा हक्क होता, आणि तो हक्क ती मोबदला देऊन घेत होती. आम्ही मात्र सगळाच्या सगळा खुंट नेला होता.

खाली येताना मला एकदम आठवलं, की हे तर मी दर साली करते! कापूस, आमची पऱ्हाटी, उगवला की एका जागी चार चार रोपं येतात. आम्ही बायका ओळीने बसतो, चांगलं रोप पाहून ठेवतो आणि बाकीची उपटतो. विरळणी. न विरळता ठेवलं तर चारही खुरटतात. गावातल्या दर बाईला, दर गड्याला हे ठाऊक आहे. फक्त ते वावराच्या धुऱ्याबाहेर, बांधापलीकडे नेऊन पाहायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

घरी यांना सांगितलं. यांनी पानाचा डबा पुढे ओढला. मग म्हणाले, "आता बोलली ते बोलली. पंचायतीत फिरली तर लोक हासतीन. मामाजीचं नाक कापलं जाईन." ते वाईट माणूस नव्हते. घराची लाज त्यांना माझ्याइतकीच प्यारी होती. मी म्हटलं, "तिचं घर उठते अन् आपलं फक्त नाक जाते. हिशेब तुमीच करा." त्यांनी पानाचा डबा उघडला आणि बंद केला. बैठकीच्या दिवशी चावडीवर जाताना मात्र नेहमीसारखे पुढे न चालता माझ्या बरोबरीने चालले.

चावडी भरलेली होती. ग्रामसेवकाने आधीच लिहून आणलेला ठरावाचा कागद काढला. मामाजी म्हणाले, "सांग सुनबाई."

मी उठून दारातून बाहेर आले. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं. म्हटलं, "मामाजी, मी मांगच्या टायमाले बोलली ते बरोबर नव्हतं."

कुजबुज सुरू झाली. कोणीतरी हसलं. मामाजींच्या कपाळावर आठी पडली. "मंग खोटं बोलली काय तवा?"

"खोटं नाई. येड्यावानी बोलली. तिनं फोक कापले, हे खरं. पन एका जाग्यावर पऱ्हाटीचे चार झाडं निंगाले तर आपन काय करतो? तीन उपटतो, एक ठेवतो. तवा आपल्याले कोनी चोर म्हनते काय? तिनं बर्डी विरळली. अन् तिच्यावर रोपाचा आळ येईन असं मी बोलली. ते पाप माह्यं हाय. साक्ष मी देनार नाई. सईबी करनार नाई."

सुनेने भर सभेत सही नाकारणं, आमच्याकडे तेव्हा असं झालेलं नव्हतं. मला वाटलं आता मामाजी उठून जातील. तेवढ्यात मागे बसलेला एक म्हातारा शेतकरी, ज्याने जन्मभर कापसाशिवाय काही केलं नाही, खाकरून म्हणाला, "अगोदर पाहून तर घ्या राजेहो. बर्डी काई पळून चालली नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच वर गेले. मी मागोमाग. ती आपल्या झोपडीपाशी उभी होती, बोचकी बांधलेली. मामाजी पहिल्या खुंटापाशी उकिडवे बसले. अंगठ्याने शेण खरवडलं, काप पाहिला. मग वर पाहून तिलाच विचारलं, "हा बारका काऊन ठेवला? तो जाड होता ना?"

तिने मला सांगितलं तेच सांगितलं. एकदा अडखळली, पुन्हा सांगितलं. मामाजींनी ऐकून घेतलं. टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. अलीकडे आमच्या खड्ड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"अन् आपन दोन साल मुळं खनून चुलीत घातले," ते म्हणाले.

'आपण' म्हणाले. 'तू' म्हणाले असते तरी खरंच होतं. रोपांची जबाबदारी माझी, खड्डे मीच दाखवलेले. त्या एका शब्दासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. त्यांनी मला त्या दिवशी सगळ्यांबरोबर उभं केलं, एकटीला नाही.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. साहेब आले तेव्हा त्यांना मेलेली रोपं नाही, हे खुंट दाखवले. साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, रोपांचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. तो त्यांनी कसा भरला ते मला माहीत नाही. गावाने मात्र ठरवलं, होळीनंतर पऱ्हाटी उपटून वावरं मोकळी झाली की दर घरचं एक माणूस चार दिवस बर्डीवर जाईल. कोणता फोक ठेवायचा ते ती सांगेल. कापलेलं जळण ज्याने कापलं त्याचं. शेळीवाल्यांशी भांडणं झाली, त्यात मी अर्थातच पुढे होते. शेवटी अर्धी बर्डी त्यांना मोकळी, अर्धी बंद, आणि दोन सालांनी बदल, असं ठरलं. पहिल्या वर्षी अर्ध्या लोकांनी जाड फोकच ठेवले. तिने कोणाच्या मनगटावर चापटा मारल्या असतील ते मोजलेलं नाही. मामाजींना एक बसली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आज त्या बाजूला सागाच्या सावलीत बसता येतं. तितर आहेत, मोर येतात. टेंभराची फळं पोरं खिसे भरून आणतात. नाला पूर्वी दिवाळीच्या आत आटायचा, तो संक्रांतीपर्यंत टिकू लागला. होळीपर्यंत कधीच टिकला नाही, खोटं कशाला सांगू. आणि आम्ही जिथे खुंट खणले होते, त्या आमच्या बाजूला अजून गवतच आहे. ज्याचं मूळच काढलं ते कुठून उठणार? ती बाजू मी नातसुनांना मुद्दाम दाखवते.

पण त्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. पंच खाली उतरून चावडीवर आले. मामाजी ग्रामसेवकाला म्हणाले, "ठराव फाडा. अन् त्याहिले गावाच्या रजिस्टरात घ्या, राहनारे म्हनून. म्हंजे उद्या दुसरा सरपंच आला तरी उठवू नाई शकत." ग्रामसेवकाने रजिस्टर उघडलं, टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "बाईचं नाव काय लिहू?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यावर आळ घेतला होता, तिच्यासाठी भांडले होते, तिच्या हाताची चापट खाल्ली होती. तीन साल ती माझ्या वावरात कापूस वेचत होती. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं.

मी पुन्हा बर्डी चढून गेले. उन्हं वर आली होती. तीन झोपड्यांपैकी एक जमिनीला आली होती. तिच्या दिराने ग्रामसेवकाचं ऐकून तीन दिवसांपूर्वीच आपलं छप्पर उतरवलं होतं आणि बायकोलेकरं घेऊन वर डोंगरात निघून गेला होता. तो पुढे कधी परत आला नाही. ती त्याच्या मोडक्या कुडाशी बसून बोचकं सोडत होती.

"रजिस्टरात लिहून राह्यले," मी म्हटलं. "तुमी इथंच राहनार. तुह्यं नाव पाह्यजे."

तिने बोचक्याची गाठ तशीच हातात धरली.

"लिवलेलं पुसता येते काय?" तिने विचारलं.

"नाई येत."

मग तिने मला आपलं नाव सांगितलं.